जुन्या रॉक बँडचा नवा अल्बम ऐकून चाहते नाराज का होतात?

नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर १५ डिसेंबर २०१९ रोजी यू-टू या आयरिश रॉक बँडचा भारतातला पहिला कार्यक्रम झाला. त्या रात्री बँडने १९८७ साली निघालेला ‘द जोशुआ ट्री’ हा आपला अल्बम पहिल्या गाण्यापासून शेवटच्या गाण्यापर्यंत त्याच क्रमाने वाजवला, आणि बत्तीस वर्षांपूर्वीची ती गाणी प्रत्यक्ष ऐकता यावीत म्हणून हजारो लोकांनी महागडी तिकिटे काढली होती. याच बँडने सप्टेंबर २०१४ मध्ये आपला तेव्हाचा नवाकोरा अल्बम ॲपलच्या मदतीने सुमारे ५० कोटी लोकांच्या आयट्यून्स खात्यांत विनामूल्य पोहोचवला होता. त्यावर इतका गदारोळ झाला, की तो अल्बम खात्यातून काढून टाकण्यासाठी ॲपलला स्वतंत्र सोय करून द्यावी लागली आणि गायक बोनो यांनी माफी मागितली. न विचारता आपल्या खात्यात काहीतरी टाकले गेले याचा राग त्या गदारोळात मोठा होता, हे मान्य करूनही एक गोष्ट उरतेच: जुना अल्बम लोकांना पैसे मोजून हवा होता आणि नवा फुकटातही नको होता.

हे केवळ यू-टूच्या वाट्याला आलेले नाही. मेटॅलिका, रेड हॉट चिली पेपर्स, गन्स एन रोझेस, कोल्डप्ले अशा कोणत्याही मुरलेल्या बँडचा नवा अल्बम आला, की पहिल्या आठवड्यातच चाहत्यांमध्ये ‘पूर्वीचा तो बँड राहिला नाही’ हे वाक्य फिरू लागते. जानेवारी २०२५ मध्ये कोल्डप्लेचे तीन कार्यक्रम नेरूळच्या त्याच मैदानावर झाले, तेव्हाही माझ्या ओळखीच्या ठाणे-नवी मुंबईकर चाहत्यांत हाच वाद रंगला होता. २००० सालच्या पहिल्या अल्बममधला साधा, गिटारवर चालणारा बँड आवडणारे एका बाजूला होते आणि रंगीबेरंगी दिव्यांच्या आताच्या बँडवर खूश असणारे दुसऱ्या बाजूला.

या नाराजीची चेष्टा करणे सोपे आहे, आणि ती डोळे मिटून खरी मानणे त्याहून सोपे आहे. प्रत्यक्षात तिची काही कारणे अल्बममध्ये असतात आणि काही ऐकणाऱ्यामध्ये. ती एकमेकांत मिसळली, की बँडवरही अन्याय होतो आणि चाहत्यावरही. म्हणून ती एकेक करून वेगळी काढून पाहणे आवश्यक आहे.

तुलना नेमकी कशाची कशाशी होते?

नवा अल्बम आपण कसा ऐकतो याचा आधी विचार करावा. ठाण्याहून वाशीला जाणाऱ्या गाडीत, कानात इयरफोन घालून, साधारण अर्ध्या तासात त्याची पाच-सहा गाणी आपण ऐकतो आणि उतरताना मत बनवून उतरतो. ज्या जुन्या अल्बमशी आपण त्याची तुलना करतो, तो मात्र आपण वीस किंवा तीस वर्षे, परीक्षेच्या रात्री, प्रवासात, मित्रांच्या घरी ऐकत आलेलो असतो. म्हणजे एका बाजूला दोनदा ऐकलेली गाणी असतात आणि दुसऱ्या बाजूला शेकडो वेळा ऐकलेली. ही तुलना बरोबरीची नाही.

अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट झायन्स यांनी १९६८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत लोकांना निरर्थक शब्द, अनोळखी चिन्हे आणि अनोळखी चेहरे वेगवेगळ्या वेळा दाखवले. जे अधिक वेळा दिसले ते लोकांना अधिक आवडले, जरी त्यांचा अर्थ लोकांना ठाऊक नव्हता. याला परिचयाचा परिणाम म्हणता येईल. संगीताला तो विशेष लागू पडतो, कारण पुढे काय येणार आहे हे कळत असताना ते नेमके तसेच येणे हा गाणे ऐकण्यातला एक मोठा आनंद आहे. नव्या गाण्यात तो आनंद पहिल्या दिवशी मिळूच शकत नाही. अर्थात परिचयालाही मर्यादा असते आणि फार वेळा ऐकलेल्या गोष्टीचा कंटाळाही येतो. पण बहुतेक नवे अल्बम त्या टप्प्यापर्यंत पोहोचतच नाहीत, कारण त्याआधीच आपण ते बाजूला ठेवलेले असतात.

यात आणखी एक गोष्ट मिसळलेली असते. जुना अल्बम आपल्याला आठवतो तो गाळून आलेला असतो. ‘द जोशुआ ट्री’ म्हटल्यावर बहुतेकांना त्याची सुरुवातीची तीन गाणी आठवतात. त्याच अल्बममधले ‘रेड हिल मायनिंग टाउन’ हे गाणे बँडने २०१७ पर्यंत, म्हणजे तब्बल ३० वर्षे, एकाही कार्यक्रमात वाजवले नव्हते. तो अल्बम निघाला तेव्हा त्यातली सगळी गाणी शेजारी शेजारी होती. काळाने त्यातली काही पुढे आणली आणि काही मागे टाकली. नव्या अल्बमला अशी चाळणी अजून लागलेली नसते, त्यामुळे त्यातली दुबळी गाणी ठळकपणे समोर येतात, आणि जुन्या अल्बमलाही तशी गाणी होती हे आपण विसरलेले असतो.

तरुणपणीचे गाणे मनात अधिक खोल का रुजते?

मोरिस होलब्रुक आणि रॉबर्ट शिंडलर या अमेरिकन संशोधकांनी १९८९ साली प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात वेगवेगळ्या वयाच्या लोकांना वेगवेगळ्या दशकांतली लोकप्रिय गाणी ऐकवली होती. सरासरी माणसाला सर्वांत अधिक आवडली ती गाणी, जी तो साधारण साडेतेवीस वर्षांचा असताना गाजत होती. पुढच्या अभ्यासांत हे वय थोडे मागेपुढे झाले, पण कुमारवयापासून विशीपर्यंतच्या काळातले संगीत आयुष्यभर जवळचे राहते ही गोष्ट पुन्हा पुन्हा दिसून आली आहे. स्मृतींचा अभ्यास करणाऱ्यांनाही असेच आढळते, की उतारवयातल्या माणसाला आयुष्यातल्या आठवणी सांगायला लावल्या, तर दहा ते तीस या वयातल्या आठवणी प्रमाणाबाहेर जास्त येतात. पहिली नोकरी, पहिले प्रेम, घर सोडून राहण्याची पहिली वेळ त्याच काळात येते, आणि त्या वेळी कानावर पडणारे गाणे त्या सगळ्याला चिकटून राहते.

ठाण्यात नव्वदच्या दशकात वाढलेल्यांना हे वेगळे समजावण्याची गरज नाही. परदेशी रॉकची कॅसेट तेव्हा सहज मिळत नसे. ती मिळवण्यासाठी अनेक जण काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाउस या संगीताच्या दुकानापर्यंत जात, आणि मित्राकडून कोऱ्या कॅसेटवर उतरवून घेतलेला एक अल्बम महिनोन्‌महिने पुरत असे. पर्याय थोडे असल्यामुळे एकेक अल्बम पूर्ण, क्रमाने आणि पुन्हा पुन्हा ऐकला जाई. ऱ्हिदम हाउस २०१६ मध्ये बंद झाले. आज त्याच श्रोत्याच्या फोनवर कोट्यवधी गाणी आहेत, वय पंचेचाळीसच्या पुढे गेले आहे, आणि त्याला आपल्या आवडत्या बँडच्या नव्या अल्बमकडून तीच थरथर हवी आहे. त्या थरथरीतला मोठा वाटा त्याच्या स्वतःच्या वयाचा होता आणि तो पुरवणे कोणत्याही बँडच्या हातात नाही. हे लिहिताना मला वाईट वाटते, पण ते खरे आहे.

पराक्रमानंतरची घसरण

नाराजीचे एक कारण मात्र बँडमध्येही नाही आणि श्रोत्यामध्येही नाही. ते शुद्ध संख्याशास्त्रातले आहे. इंग्लंडमधील फ्रान्सिस गॉल्टन यांनी १८८६ साली आईवडील आणि मुले यांच्या उंचीचा अभ्यास प्रसिद्ध केला. फार उंच आईवडिलांची मुले उंच असली, तरी सरासरीने आईवडिलांपेक्षा थोडी कमी उंच असतात, असे त्यांना आढळले. याला सरासरीकडे परतणे म्हणतात. ज्या निकालामागे गुण आणि योगायोग दोन्ही असतात, त्यातला एखादा निकाल अत्युच्च असेल, तर योगायोग त्या वेळी बाजूने होता अशी दाट शक्यता असते, आणि पुढच्या वेळी तो तेवढाच बाजूने असेलच असे नाही.

महान अल्बम हा असाच निकाल असतो. योग्य चार-पाच माणसे, योग्य वयात, योग्य निर्मात्यासह एकत्र आली आणि त्या वर्षीच्या हवेत नेमके तेच ऐकण्याची भूक होती, तेव्हा तो घडला. फ्लीटवुड मॅक या बँडचा १९७७ चा ‘रूमर्स’ हा इतिहासातल्या सर्वाधिक खपाच्या अल्बमांपैकी एक आहे. त्यानंतर १९७९ साली आलेला ‘टस्क’ लाखोंनी खपला, तरी ‘रूमर्स’च्या मानाने तो अपयशी समजला गेला. दुसऱ्या कोणत्याही बँडने तेवढाच खप मिळवला असता, तर त्याचा सत्कार झाला असता. आपण ‘चाहता’ होतो ते बहुधा बँडच्या शिखरावरच्या अल्बममुळे. त्यामुळे त्यानंतरचे जवळजवळ सगळे उतारावरचे वाटणे हे त्या क्षणीच ठरून गेलेले असते.

मग सगळा दोष ऐकणाऱ्याचाच का?

नाही. इथपर्यंत वाचून कोणी ‘म्हणजे चाहत्यांना काही कळत नाही’ असा निष्कर्ष काढला, तर तो चुकीचा ठरेल. चाहत्यांची तक्रार पूर्णपणे बरोबर होती आणि ती मोजून दाखवता आली, असे एक प्रसिद्ध उदाहरण आहे, आणि ते थोडे सविस्तर सांगणे आवश्यक आहे.

गाणे ध्वनिमुद्रित झाल्यावर त्यातली वाद्ये आणि आवाज यांचे प्रमाण जुळवले जाते, आणि सगळ्यात शेवटी संपूर्ण अल्बमवर एक अखेरचा हात फिरवला जातो, त्याला मास्टरिंग म्हणतात. गाण्यातल्या सर्वांत हळू आणि सर्वांत मोठ्या आवाजातले अंतर म्हणजे त्याची डायनॅमिक रेंज. डिजिटल ध्वनीला वरची एक ठाम मर्यादा असते. त्यापलीकडे आवाज जाऊच शकत नाही. गाणे अधिक मोठे वाटावे असे वाटत असेल, तर मोठे आवाज दाबून आणि हळू आवाज वर उचलून सगळेच त्या मर्यादेजवळ आणावे लागते. त्या दाबण्याला कॉम्प्रेशन म्हणतात. थोड्या प्रमाणात ते प्रत्येक गाण्यात असते आणि त्यात गैर काही नाही.

नव्वदच्या दशकापासून हे प्रमाण वाढत गेले. गोपाळकाल्याच्या दिवशी ठाण्यात जवळजवळच्या दोन चौकांतली मंडळे काय करतात हे आपण पाहिले आहे: एकाने स्पीकरचा आवाज वाढवला की दुसऱ्याला वाढवावाच लागतो, आणि संध्याकाळी कोणत्याही चौकातले गाणे धड ऐकू येत नाही. रेडिओवर आणि सीडीवर आपले गाणे शेजारच्या गाण्यापेक्षा मिळमिळीत वाटू नये, या भीतीने कंपन्यांनी, निर्मात्यांनी आणि बँडनी तेच केले.

सप्टेंबर २००८ मध्ये मेटॅलिकाचा ‘डेथ मॅग्नेटिक’ आला, तेव्हा चाहत्यांना तो ऐकताना कान दुखल्यासारखे होत होते. ड्रमचा ठोका सुटा ऐकू न येता फुटल्यासारखा येत होता. एरवी याला ‘म्हाताऱ्या चाहत्यांची कुरकुर’ म्हणून सोडून दिले गेले असते. पण योगायोगाने तीच गाणी ‘गिटार हिरो’ या संगीताच्या व्हिडिओ गेमसाठीही उपलब्ध करण्यात आली होती, आणि गेममध्ये वाद्ये सुटी लागत असल्याने तिथली गाणी अखेरच्या दाबण्यातून गेलेली नव्हती. चाहत्यांनी दोन्हींचे ध्वनीचे आलेख शेजारी शेजारी ठेवले. गेममधल्या गाण्यात चढउतार दिसत होते आणि सीडीवरच्या गाण्याचा आलेख वरून खालून कापलेल्या विटेसारखा सपाट होता. गाणी तीच, वादन तेच. तरी गेममधला अल्बम विकत घेतलेल्या अल्बमपेक्षा चांगला ऐकू येत होता. हजारो लोकांनी अल्बम पुन्हा मास्टर करावा म्हणून अर्जावर सह्या केल्या. मास्टरिंग करणारे टेड जेन्सन यांनी, ध्वनी आपल्याकडे आला तेव्हाच तो दाबलेला होता, असे म्हटल्याचेही तेव्हा प्रसिद्ध झाले.

या उदाहरणातली गोष्ट मला फार मोलाची वाटते. चाहत्यांनी ‘बँड संपला’ असे म्हटले असते, तर त्या म्हणण्याचे काहीच करता आले नसते. त्यांनी नेमके काय बिघडले आहे ते सांगितले, त्याचा पुरावा दिला, आणि ध्वनिमुद्रणाच्या क्षेत्रात या प्रश्नाची जाहीर चर्चा त्यामुळे वाढली. आज स्पॉटिफायसारख्या सेवा वेगवेगळी गाणी साधारण सारख्याच मोठेपणाने वाजवतात. त्यामुळे गाणे मुद्दाम दाबून मोठे करण्याचा फायदा बराच कमी झाला आहे. तोटा मात्र तसाच राहतो. तरीही जुनी सवय गेलेली नाही, आणि एखादा नवा अल्बम दोन गाण्यांनंतर थकवत असेल, तर थकवा आपल्या वयाचा नसून मास्टरिंगचा असण्याची शक्यता जरूर तपासावी.

आवाज थकतो, त्याचे काय?

वयानुसार स्वरयंत्रातल्या स्वरपट्ट्यांची लवचीकता कमी होते, त्यांचे स्नायू पातळ होतात आणि फुप्फुसांची हवा धरण्याची क्षमता घटते, त्यामुळे वरचे सूर पूर्वीसारखे लागत नाहीत आणि लांब सूर टिकत नाहीत. यावर बँड गाणी खालच्या पट्टीत घेतात किंवा गायकाला झेपतील अशी नवी रचतात. यू-टूने मार्च २०२३ मध्ये आपली ४० जुनी गाणी संथ, शांत स्वरूपात पुन्हा ध्वनिमुद्रित करून प्रसिद्ध केली. त्यांच्या अनेक चाहत्यांना ती फिकी वाटली, पण साठी ओलांडलेल्या गायकाने तिशीच्या आवाजाची नक्कल न करणे मला प्रामाणिकपणाचे वाटते.

पूर्वीचे अल्बम आटोपशीर होते, आताचे का नाहीत?

ही तक्रार वस्तुस्थितीला धरून आहे. लॉन्ग-प्ले तबकडीच्या एका बाजूवर चांगल्या दर्जाचे साधारण २२ मिनिटांचे ध्वनिमुद्रण बसे, म्हणून अल्बम बहुधा ४० ते ४५ मिनिटांचे असत आणि बँडला कोणती गाणी वगळायची हे ठरवावेच लागे. १९८२ साली आलेल्या सीडीवर ७४ मिनिटे बसत होती, आणि आताच्या डिजिटल सेवांना तर मर्यादाच नाही. मेटॅलिकाचा १९८६ चा ‘मास्टर ऑफ पपेट्स’ सुमारे ५५ मिनिटांचा होता, तर एप्रिल २०२३ चा ‘सेव्हंटी-टू सीझन्स’ ७७ मिनिटांचा आहे. रेड हॉट चिली पेपर्सने तर २०२२ च्या एप्रिल आणि ऑक्टोबरमध्ये प्रत्येकी १७ गाण्यांचे दोन अल्बम काढले. एवढ्या गाण्यांत उत्तम दहा नक्कीच असतील, पण ती निवडण्याचे काम आता बँडने श्रोत्यावर टाकले आहे. लांबी हेच एकमेव कारण आहे असेही म्हणता येत नाही, कारण याच बँडचा सर्वांत गाजलेल्यांपैकी असलेला १९९१ चा अल्बमही १७ गाण्यांचाच होता. मात्र निवडीची सक्ती गेल्यामुळे पुष्कळ अल्बम सैल झाले, असे माझे स्पष्ट मत आहे.

अल्बम कधी निघतो यामागेही आर्थिक कारणे असतात. जुन्या बँडची मुख्य कमाई आता कार्यक्रमांची आहे, आणि नवा अल्बम हे जगभराच्या दौऱ्याचे निमित्त असते. दौऱ्याच्या तारखा आधी ठरल्या, की अल्बम त्या तारखेला बांधला जातो. यू-टूच्या १९९७ च्या ‘पॉप’बाबत हेच घडले: दौरा आधीच ठरलेला असल्याने अल्बम घाईत पुरा करावा लागला आणि पुढे त्यातल्या काही गाण्यांवर बँडने पुन्हा काम केले. ‘हा अल्बम अर्धवट वाटतो’ असे म्हणणारा चाहता त्या वेळी बरोबर होता.

घाईप्रमाणेच उशीरही घातक ठरतो. गन्स एन रोझेसचा ‘चायनीज डेमॉक्रसी’ २००८ च्या नोव्हेंबरमध्ये निघाला. त्याआधीचा त्यांच्या स्वतःच्या नव्या गाण्यांचा अल्बम १९९१ चा होता. सतरा वर्षांची वाट पाहणे कोणत्याही गाण्याला पेलवत नाही. शिवाय तोपर्यंत गायक ॲक्सल रोझ आणि कीबोर्ड वाजवणारे डिझी रीड वगळता जुन्या काळातले कोणीच बँडमध्ये उरले नव्हते, त्यामुळे नाव तेच राहिले तरी ऐकू येणारा बँड दुसराच होता.

बदलले तरी ओरड, न बदलले तरी ओरड?

बँडच्या बाजूने घेतला जाणारा हा सर्वांत नेहमीचा आक्षेप आहे, आणि त्यात तथ्य आहे. मेटॅलिकाने २००३ च्या ‘सेंट अँगर’मध्ये गिटारचे एकल वादन पूर्ण काढून टाकले आणि ड्रम वाजवणारे लार्स उलरिक यांनी स्नेअर ड्रमच्या तळाच्या तारा सैल ठेवून पत्र्याच्या डब्यासारखा आवाज काढला. चाहते आजही त्या आवाजावर चिडतात. पाच वर्षांनी बँड जुन्या शैलीकडे वळला, तेव्हा काहींनी त्याला स्वतःचीच नक्कल म्हटले.

‘सेंट अँगर’ निघाला तेव्हा उलरिक आणि गायक जेम्स हेटफील्ड चाळिशीचेही झालेले नव्हते. म्हणजे तो अल्बम लोकांना आवडला नाही याचे कारण म्हातारपण नव्हते. तो एक जाणीवपूर्वक केलेला प्रयोग होता आणि तो बहुतेकांना पटला नाही. प्रयोगाला विरोध करणे म्हणजे बदलाला विरोध करणे, असे समीकरण मांडणे चाहत्यांवर अन्यायाचे आहे. त्याच चाहत्यांनी याच बँडचे इतर कितीतरी बदल स्वीकारलेले असतात. उलट, काही बदलांना न्याय मिळायला वेळ लागतो, हेही खरे: ज्या ‘टस्क’ने १९७९ साली कंपनीची आणि अनेक श्रोत्यांची निराशा केली, तो आज अनेक समीक्षक आणि संगीतकार आवडीने ऐकतात.

न बदलणाऱ्यांचेही एक चांगले उदाहरण आहे. एसी/डीसी हा बँड पन्नासहून अधिक वर्षे एकाच प्रकारचे संगीत वाजवतो. त्यांचा नोव्हेंबर २०२० चा ‘पॉवर अप’ चाहत्यांनी मनापासून स्वीकारला, आणि त्यातली गाणी २०१७ मध्ये निधन पावलेल्या माल्कम यंग यांनी भाऊ अँगस यांच्यासह पूर्वी रचून ठेवलेल्या सुरावटींवर बांधलेली होती. चाहत्यांना जुनेपणा हवा असतो, एवढाच त्याचा अर्थ नाही. गाण्याच्या गाभ्याशी असलेली बँडची बांधिलकी त्यांना ऐकू येते.

मग नवा अल्बम ऐकावा कसा?

मला यातून व्यवहारात एवढेच सुचवायचे आहे, की पहिल्या दिवशी मत मांडताना ते पहिल्या दिवसाचे मत आहे हे मनात असावे. शक्य असेल तर अल्बम इयरफोनऐवजी चांगल्या स्पीकरवर, एका बैठकीत, क्रमाने ऐकावा; आणि एक-दोन आठवड्यांनी, मधल्या काळात जुना अल्बम न लावता, पुन्हा ऐकावा. त्यानंतरही तो आवडला नाही तर नाराजी व्यक्त करण्याचा पूर्ण अधिकार आहे, पण ती नेमकी असावी: ड्रम दाबले गेले आहेत, शेवटची पाच गाणी वगळता आली असती, शब्द पोकळ आहेत, गायकाला ही पट्टी झेपत नाही. अशा तक्रारीवर दुसऱ्याला सहमत होता येते, मतभेद दाखवता येतो आणि निर्मात्याला तिचा उपयोगही होतो. ‘पूर्वीसारखे नाही’ या वाक्यावर यातले काहीच होत नाही, कारण पूर्वीसारखे तर आपणही नसतो.

नाराजी वाढत गेली तर पुढे काय होईल?

काही कलाकार नवे अल्बम काढणेच थांबवतात. अमेरिकन गायक बिली जोएल यांनी १९९३ नंतर रॉक गाण्यांचा नवा अल्बम काढला नाही, आणि तरीही ते दशकानुदशके भरलेल्या सभागृहांत आपली जुनी गाणी गात राहिले. कोल्डप्लेचे क्रिस मार्टिन यांनी २०२४ मध्ये सांगितले, की बँड एकूण बाराच अल्बम काढेल. संख्या मर्यादित ठेवली की दर्जा जपता येतो, असे त्यांचे म्हणणे आहे. ‘मून म्यूझिक’ हा त्यांचा दहावा अल्बम होता. दुसऱ्या टोकाला रोलिंग स्टोन्स आहेत. त्यांनी १८ वर्षांनी आपल्या नव्या गाण्यांचा अल्बम ऑक्टोबर २०२३ मध्ये काढला तेव्हा गायक मिक जॅगर ८० वर्षांचे होते, आणि २०२१ मध्ये निधन झालेल्या चार्ली वॉट्स यांचे ड्रमवादन त्यातल्या दोन गाण्यांत होते.

आपल्याकडेही हा प्रश्न दूरचा नाही. १९८४ मध्ये मुंबईत रॉक मशीन म्हणून सुरू झालेल्या आणि नंतर इंडस क्रीड हे नाव घेतलेल्या बँडने १९९५ नंतर थेट २०१२ मध्ये नवा अल्बम काढला. मधल्या काळात बँड विखुरला होता आणि श्रोत्यांची एक पिढी बदलली होती. केवळ जुनी गाणी वाजवून त्यांना पुनर्मीलनाचे कार्यक्रम सहज करता आले असते. त्यांनी नवी गाणी रचली, ती ध्वनिमुद्रित केली आणि ज्यांना १९९५ चा बँड पाठ होता अशा लोकांसमोर ती ठेवली. ठाणे आणि नवी मुंबईतल्या महाविद्यालयांत आज जी मुले परदेशी बँडची गाणी वाजवून सुरुवात करत आहेत, त्यांतल्या काहींना आणखी वीस वर्षांनी असाच निर्णय घ्यावा लागेल, आणि तेव्हा त्यांच्यासमोर बसलेला श्रोता नवे गाणे शेवटपर्यंत ऐकून घेणारा असावा, असे मला मनापासून वाटते.